कोणती माशी शिंकली?

मराठी माणसाचे माशीवाचून पान हलत नाही. ठरत आलेले लग्न मोडले की आपण विचारतो, "माशी शिंकली कुठे?" नोकरी नसलेला पुतण्या घरी बसून माशा मारतो. कचेरीतले वरिष्ठ नाकावर माशी बसू देत नाहीत. पंगत नुकती बसावी आणि वीज जावी, की कुणीतरी संस्कृत पाजळतो, 'प्रथमग्रासे मक्षिकापातः!' इतका हा घरोबा, पण "माशी शिंकली हे खरे, पण ती कोणती माशी?" असे कुणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. आपल्या लेखी माशी म्हणजे माशी. एक मारली काय आणि दुसरी मारली काय, पुण्य सारखेच!

मीही असेच समजत होतो. एका माघ महिन्यात या समजुतीची चांगली किंमत मोजावी लागली. आणि वाईट याचे की ती मी मोजली नाही, माझ्या आत्याने मोजली. दिवाळी सरली की कोकणात थंडी पडेल आणि मागोमाग आंबे मोहरू लागतील. तेव्हा ही हकीगत सांगायला हाच मुहूर्त बरा.

रत्नागिरीजवळ आत्याचे घर आहे. घरामागे परसात हापूसचे एकच झाड, तिच्या यजमानांनी हातांनी लावलेले. बरे वर्ष असले तर तीन-चारशे फळ उतरते. त्यातली एक पेटी आम्हा मुंबईकर भाच्यांची. बाकीचे आंबे विकून येतील त्या पैशातून मृगापूर्वी घराची कौले परतून घ्यायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा जमाखर्च.

२०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात बंद केली, हे वाचकांना आठवत असेल. आलेल्या मालात फळमाशी सापडली, हे कारण. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून फळमाशीवर इतके छापून आले, की तिच्याविषयी आपल्याला सारे काही कळले, असा माझा समज झाला. पुढच्या फेब्रुवारीत मी आत्याकडे गेलो. तोवर ती बंदी उठवण्याचा निर्णय झाला होता, पण माझ्या डोक्यात बसलेली माशी काही उठली नव्हती.

झाड मोहोराने नुसते फुलून आले होते. जवळ जावे तो काय, सगळा मोहोर माशांनी घोंघावत होता! हिरव्या, निळ्या, करड्या, पिवळ्या पट्ट्यांच्या; शेकड्यांनी. मी तसाच परतलो, बाजारातून औषध आणले, शेजाऱ्यांचा पाठीवरचा पंप मागून घेतला आणि कमरेला पंचा गुंडाळून तयार झालो.

आत्या पडवीत तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अरे, काय आरंभलं आहेस हे?"

"आत्या, तुझ्या आंब्यावर फळमाशी आली आहे. युरोपने आंबा परत पाठवला तो हिच्यामुळेच!"

"मेल्या, मोहोरावर माशा यायच्याच. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून येतायत. राहू दे त्यांना."

म्हाताऱ्या माणसाला शास्त्र काय कळणार, असे मनात म्हणून मी पंप सुरू केला. संध्याकाळपर्यंत झाडाखाली माशांचा सडा पडला होता. मी आत्याला तो मोठ्या ऐटीत दाखवला. ती काही बोलली नाही.

मार्चमध्ये तिचे पत्र आले. मोहोर वाळून गळाला होता. फळ धरले ते हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. थंडीचा दोष असेल, धुक्याचा असेल, असे मी मनाला पुष्कळ समजावले. पण शेजारच्या आवारातली दोन झाडे त्याच थंडीतली, त्याच धुक्यातली, आणि ती एप्रिलात फळांनी लोंबत होती. त्या वर्षी कौले परतली गेली नाहीत. श्रावणात मी गेलो तेव्हा माजघरात दोन बादल्या आणि एक परात मांडलेली होती. पागोळ्या बाहेर पडायच्या त्या घरात पडत होत्या. आत्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तिने बोलायला हवे होते.

पुढच्या माघात मी पुन्हा गेलो, ते खाली मान घालून. आत्याची नात दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होती, ती सुट्टीला आलेली. तिने मला झाडाखाली उभे केले, हातात लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणि पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा दिला आणि म्हणाली, "मामा, गेल्या वर्षी तुम्ही कुणाकुणाला मारलंत, ते आज ओळखून दाखवा."

ओळख पटवण्याची रीत सोपी आहे. फुलावर बसलेल्या प्राण्यावर बरणी हळूच पालथी घालायची, खालून पुठ्ठा सरकवायचा. फार धडपड करू लागला तर बरणी दोन-तीन मिनिटे शीतकपाटात ठेवायची. थंडीने तो सुस्तावतो, मेला मात्र नाही. भिंगातून हवे तितके पाहावे आणि उन्हात सोडून द्यावे.

मी पहिलीच बरणी घातली आणि घाबरून हात मागे घेतला. "मधमाशी आहे!"

"नीट पाहा," भाची म्हणाली.

पाहिले. पोटावर पिवळे-काळे पट्टे होते. पण मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात मुडपल्यासारख्या असतात; हिच्या मिशा म्हणजे कपाळावर दोन बारीक खुंट. मधमाशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना लांबट. हिचे इतके मोठे की सगळे डोके म्हणजे डोळाच. मधमाशीच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गाठोड्या दिसतात. हिचे पाय काडीसारखे बारीक. आणि मुख्य खूण पंखांची. मधमाशीला, गांधीलमाशीला पंख चार. माशीच्या जातीला फक्त दोन. मागच्या दोन पंखांच्या जागी तिला ढोल वाजवायच्या काठीसारख्या दोन बारीक दांड्या असतात, उडताना तोल सांभाळायला. मात्र पंख मोजायला गेलात तर फसाल, कारण मधमाशीचे मागचे पंख पुढच्यांना बारीक आकड्यांनी अडकवलेले असतात, आणि चारांचे दोनच दिसतात. म्हणून आधी मिशा पाहाव्यात, मग डोळे.

या तोतया मधमाशीला शेतकी खात्याची मंडळी 'सिरफिड माशी' म्हणतात. हिला नांगी नाही, विष नाही. पक्ष्यांनी मधमाशी समजून वाटेला जाऊ नये, एवढ्यासाठी हा पट्ट्यांचा अंगरखा! ती हवेत एका जागी टांगल्यासारखी स्थिर राहते आणि क्षणात बाजूला सरकते. मधमाशीला ही कला इतकी साधत नाही. हिच्यातही जाती अनेक आहेत. काही सडपातळ, पिवळ्या पट्ट्यांच्या. त्यांच्या अळ्या झाडांवरचा मावा खाऊन फस्त करतात. काही जाड्याभरड्या आणि डोळ्यांवर ठिपके असलेल्या. त्यांच्या अळ्या गटाराच्या पाण्यात शेपटीसारखी नळी वर काढून श्वास घेत वाढतात.

या तोतयेने भले भले फसले आहेत. मेलेल्या बैलाच्या कुडीतून मधमाश्या जन्मतात, असे प्राचीन रोमन लोक मानत आणि व्हर्जिलसारख्या महाकवीने ते काव्यात घालून ठेवले. १८९४ साली ओस्टेन-साकेन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने या समजुतीचा उलगडा मांडला: कुजलेल्या कुडीतून बाहेर पडत होत्या त्या मधमाश्या नव्हेत, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या या माश्या. दोन हजार वर्षांत मिशा पाहायचे कुणाला सुचले नाही! हे ऐकून मला थोडा धीर आला.

दुसऱ्या बरणीत करडी माशी आली. मी म्हणालो, "ही मात्र आपली घरातलीच."

"पाठीवरचे पट्टे मोजा."

मोजले. तीन. घरमाशीच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध, चार काळे उभे पट्टे असतात. तीन पट्टे असतील, अंगाने ती थोराड असेल आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी करडी-काळी घरे असतील, तर ती वेगळी. ती अंडी न घालता सडक्या मांसावर थेट बारीक अळ्याच सोडते. तिसऱ्या बरणीत आली ती हिरवट निळी, धातूसारखी चकाकणारी, विटकरी लाल डोळ्यांची. ही मासळीबाजारात आणि उकिरड्यावर दिसते ती निळी माशी. तीन बरण्यांत तीन माश्या. मी सगळ्यांना गेल्या वर्षी 'फळमाशी' या एका नावाखाली फाशी दिली होती, आणि त्यांत फळमाशी एकही नव्हती.

"पण ही उकिरड्यावरची घाण मोहोरावर कशाला?" मी विचारले.

भाचीने मोहोराची एक काडी खाली वाकवून दाखवली. आंब्याच्या एका मोहोरात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले असतात. त्यांतली कित्येक नुसती नर. फळ धरण्याजोगी थोडी. एकेका फुलात पराग देणारा केसर बहुधा एकच. पराग चिकट, तो वाऱ्याने फारसा उडत नाही, कुणीतरी पायांना लावून न्यावा लागतो. फूल उथळ, मध थेंबभर आणि उघड्यावर. लांब सोंडेच्या पाहुण्याला त्याचे अप्रूप नाही, पण आखूड तोंडाच्या माशीला हे ताट अगदी सोयीचे. सातेरी मधमाश्या येतात, इवल्याशा पोया येतात, तरी आंब्याच्या मोहोरावरची पुष्कळशी मजुरी माश्याच करतात. निळी माशी अंगाने मोठी आणि केसाळ. ती मोहोरावरून चालत गेली की केसांना पराग चिकटतो आणि पुढच्या फुलावर झडतो. तैवानमधले बागायतदार तर मोहोराच्या दिवसांत बागेत मुद्दाम कुजकी मासळी ठेवतात, या माश्या याव्यात म्हणून!

माझ्या डोळ्यांसमोर झाडाखालचा तो सडा उभा राहिला. मी मारल्या त्या चोर नव्हत्या, आत्याच्या घरच्या गडीमाणसे होत्या.

आता मोहोरावर येणारी प्रत्येक माशी सज्जन, असेही समजू नये. तिथे एक मिजमाशी येते. ती चिलटाहून नाजूक, नजरेत न भरणारी. तिच्या अळ्या मोहोराच्या दांड्यात शिरतात, तिथे काळे डाग पडतात आणि दांडा वाकडा होतो. तेव्हा तिला ओळखायचे ते तिच्या तोंडावरून नव्हे, तिच्या करणीवरून. दुसरा वैरी तुडतुडा. तो माशी नव्हेच. पाचरीसारखा आकार, हात लावताच टुणकन उडी. मोहोराचा रस शोषतो आणि पाने चिकट करून काळी पाडतो. यांच्यावर औषध मारावे लागते, पण ते मोहोर फुलण्याआधी. फुले उमलून परागीकरण चालले असताना फवारा बंद ठेवावा, असाच कृषी विद्यापीठाचा सल्ला असतो. आत्याच्या सासूबाईंचाही तोच होता.

"मग फळमाशी कुठे गेली?" मी हिरमुसून विचारले.

"ती आत्ता मोहोरावर काय करणार? तिला फळ लागतं. एप्रिल-मेमध्ये या, भेटवते."

मी गेलो. फळमाशी पहिल्यांदा पाहणारा तिला माशी म्हणणारच नाही. घरमाशीएवढीच, पण तपकिरी-पिवळी, बारीक कमरेची, पंख पसरून ऐटीत चालणारी. थेट गांधीलमाशीचे पिल्लू! मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखे अवजार असते, पण ते आपल्याला डसण्यासाठी नव्हे. तयार होत आलेल्या आंब्याच्या सालीत टोचून आत अंडी घालण्यासाठी. बाहेर टाचणीच्या टोकाएवढा डाग. आत अळ्या गर खातात. वाढ पुरी झाली की अळी फळाबाहेर पडते, अंग मुडपून चक्क उडी मारते आणि मातीत शिरून कोष करते. म्हणून झाडाखाली पडलेली किडकी फळे तिथेच ठेवू नयेत. गोळा करून खोल पुरून टाकावीत. आणि स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती लाल डोळ्यांची चिलटे वेगळी बरे. इंग्रजीत त्यांनाही 'फ्रूट फ्लाय'च म्हणतात, पण ती आंबत आलेल्या फळावर जगतात, धड आंब्याला भोक पाडत नाहीत.

आपल्याकडे आंब्याला लागणाऱ्या फळमाश्यांत तिघी सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. त्यांना ओळखायचे तर आधी तोंड पाहावे, मग पंखाची कड. पहिलीच्या तोंडावर दोन सुटे काळे ठिपके, पंखाच्या पुढच्या कडेला टोकापर्यंत सलग गडद किनार आणि पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. दुसरी अंगाने तांबूस. तोंडावर तिलाही दोन सुटे ठिपके, पण पंखाला सलग किनार नाही, फक्त टोकाला एक डाग. तिसरीच्याही पंखाची किनार तुटलेली आणि टोकाला डाग; पण तोंडावरचे ठिपके आडवे ओढल्यासारखे, एकमेकांना जवळजवळ भिडलेले, मिशीच फुटल्यासारखे. पाठीच्या शेवटी पिवळा ठिपका मात्र तिघींनाही, घरची खूण म्हणून!

या फळमाशीचे गुपित उघडले ते आपल्याच देशात, आणि तेही एका रुमालामुळे. बिहारमधील पुसा येथे सरकारी शेतकी संशोधन संस्था होती. तिथे हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करीत. त्यांच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून सिट्रोनेला गवताचे तेल वापरले, तो डास राहिले बाजूला आणि भलत्याच माश्या रुमालावर जमू लागल्या. हॉवलेटनी पाहिले तर त्या फळमाश्या, आणि साऱ्या नर! १९१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे त्या वासातले द्रव्य हाती लागले, ते मिथिल युजेनॉल. आज फळबागांतून टांगलेल्या सापळ्यांत हेच असते. दापोलीच्या विद्यापीठाचा 'रक्षक सापळा'ही याच तत्त्वावर चालतो. वासाच्या ओढीने नर आत येतात आणि अडकतात. नर उरले नाहीत तर माद्यांची अंडी फुकट जातात. फवारा नाही, मोहोरावरच्या गडीमाणसांना धक्का नाही. चोर तेवढा धरायचा.

आणि हे द्रव्य आणखी कुठे असते, ठाऊक आहे? आपल्या तुळशीत! फळमाशीसाठी तुळशीच्या पानांच्या रसाचे आमिष आपल्याकडचे शेतकरीही वापरतात. मी हे आत्याला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "म्हणजे वृंदावनापाशी मे महिन्यात घुटमळतात, ते हे होय! मला वाटायचं, दर्शनाला येतात."

वाचकहो, तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात राहणारी माणसे. आमच्याकडे ना परस ना हापूस. खरे आहे. पण तोरणासाठी आणलेल्या झेंडूवर या दिवसांत काहीतरी येऊन टांगल्यासारखे तरंगते. मुलांना सुट्टी आहे. लोणच्याची बरणी घरात असतेच. मिशा पाहा, डोळे पाहा, पाठीवरचे पट्टे मोजा. चार पट्टे निघाले तर फराळाचे ताट झाकून ठेवा. तिच्याविषयी आपल्या आजीचे मत अगदी बरोबर होते. आणि माघात कुणाच्या वाडीवर, कुणाच्या सोसायटीच्या आवारात आंबा मोहरलेला दिसला आणि त्याच्यावर माशा घोंघावत असल्या, तर त्यांच्या आणि फवाऱ्याच्या मध्ये उभे राहा.

आत्याच्या झाडाला त्या वर्षी बऱ्यापैकी फळ आले. कौले परतायला मी पैसे पाठवले होते; ते तिने मनिऑर्डरीने परत केले. सोबत आंब्याची पेटी होती आणि पेटीत चिठ्ठी: "झाडाचे पैसे झाडाने दिले. तू फक्त पुढच्या माघात पंप मागू नकोस."